पूर्वी दारूचा प्रॉब्लेम होता आणि आता अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्सचा फॉर्म समोर आलाय, तर सुरुवात कुठून करायची

फोन साधारण असा येतो. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर माणूस गाडीत जाऊन बसलेला असतो, घरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "दादा, ऑफर आलीय, काम मस्त आहे, पण क्लिअरन्स लागणार म्हणतात आणि २०१९ ला माझी डीयूआय झालीय. सोडूनच देऊ का?" क्लिअरन्स म्हणजे सरकारी गुप्त माहिती हाताळायची परवानगी, आणि डीयूआय म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याची केस. मी पहिलं सांगतो की सोडू नकोस, आणि दुसरं सांगतो की आज रात्री फॉर्ममध्ये काहीही टाइप करू नकोस.

मी स्वतः यातून गेलोय. २०१३ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीत एका घरगुती पार्टीवरून परत येताना पोलिसांनी थांबवलं, फुंकायच्या मशीनवर ०.१३ आलं, म्हणजे मर्यादेच्या बरंच वर, आणि मागच्या सीटवर मुलीची कार सीट होती, रिकामी, कारण ती त्या दिवशी आजीकडे झोपली होती. ती रिकामी कार सीट अजून डोळ्यासमोरून जात नाही. त्यानंतर कोर्ट, क्लासेस, काउन्सेलिंग सगळं झालं, दारू सुटली, आणि २०१८ मध्ये सीक्रेट लेव्हलचा फॉर्म भरला आणि क्लिअरन्स मिळाला. मी वकील नाही, तुमची केस गुंतागुंतीची असेल तर या विषयातला वकील गाठाच, पण वकिलाकडे जायच्या आधी काय समजून घ्यायचं आणि काय गोळा करायचं ते इथे लिहितोय, कारण आपल्या लोकांत हा विषय कुणी उघड बोलत नाही आणि त्या गप्प बसण्यातूनच मोठ्या चुका होतात.

आधी प्राथमिक गोष्टी

क्लिअरन्ससाठी आपणहून अर्ज करता येत नाही. सरकारी खातं किंवा सरकारी काम करणारी कंपनी तुम्हाला स्पॉन्सर करते, मगच फॉर्मची लिंक येते. अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्डवर चालत नाही, पण जन्माने नागरिक की नंतर शपथ घेऊन झालेले याने फरक पडत नाही. (गावाकडे आई-वडील आहेत, पुण्यात फ्लॅट आहे, ओसीआय आहे, हे सगळं वेगळ्या निकषाखाली बघतात, तो विषय स्वतंत्र आहे.)

फॉर्मचं नाव एसएफ-८६, तो ईअ‍ॅप नावाच्या साइटवर भरायचा. बहुतेक चौकशा डीसीएसए ही संस्था करते. निकाल लावायचे नियम जून २०१७ पासून लागू असलेल्या सीड-४ या आदेशात आहेत, त्यात ए पासून एम पर्यंत तेरा गाइडलाइन्स आहेत आणि दारूची गाइडलाइन जी. पण दारूची केस सहसा एकट्या जी वर थांबत नाही. अटक झाली असेल तर जे, म्हणजे गुन्हेगारी वर्तन. फॉर्ममध्ये खोटं लिहिलं किंवा लपवलं तर ई, म्हणजे वैयक्तिक वर्तन, आणि खरं सांगू का, मी बघितलेल्या केसेसमध्ये माणूस जी वर अडकलेला क्वचित दिसला, अडकला तो ई वरच.

आणखी एक गोष्ट मनात पक्की बसवा. क्लिअरन्स हा हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये ईगन केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. शंका उरली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूने सोडवायची असा नियम आहे, म्हणजे संशयाचा फायदा तुम्हाला मिळत नाही. त्यामुळे "त्यांनी सिद्ध करावं ना" हा पवित्रा इथे कामाचा नाही, तुम्ही सुधारलात हे तुम्हालाच दाखवायचंय.

गाइडलाइन जी मध्ये त्यांना नेमकी कशाची काळजी वाटते

मुळात मुद्दा असा की जास्त प्यायल्यावर माणसाचा विवेक सुटतो, तोंडावर ताबा राहत नाही, आणि ज्याच्या हातात गुप्त माहिती आहे त्याचं असं होणं परवडत नाही. कामाबाहेरच्या घटना येतात, दारू पिऊन गाडी चालवणं, मारामारी, घरात बायको-नवरा किंवा मुलांवर हात उचलणं, आणि इथे स्पष्ट लिहिलंय की एकदाच झालं असलं किंवा डॉक्टरने व्यसनाचं निदान केलेलं नसलं तरी ते धरलं जातं. कामावर पिऊन येणं किंवा कामावर पिणं येतं. नेहमी किंवा बैठकीत भरपूर पिऊन भान जाणं येतं. डॉक्टर, सायकॉलॉजिस्ट, लायसन्स असलेला क्लिनिकल सोशल वर्कर अशा पात्र माणसाने अल्कोहोल यूज डिसऑर्डर असं निदान केलं असेल तर ते येतं, निदान झाल्यावर सांगितलेले उपचार न घेणं किंवा सल्ला मोडून पिणं येतं, आणि कोर्टाने सांगितलेला क्लास, तपासणी किंवा न पिण्याची अट मोडली असेल तर तेही.

आता दुसरी बाजू, आणि तीही त्याच कागदावर लिहिलेली आहे, म्हणून घाबरून अर्धंच वाचू नका. खूप काळ गेलाय, किंवा तसं क्वचितच झालं, किंवा परिस्थिती अगदी वेगळी होती आणि परत व्हायची शक्यता नाही, हे मान्य होतं. तुम्ही प्रॉब्लेम कबूल केलात, त्यावर काय केलं त्याचा पुरावा दिलात आणि पिणं कमी किंवा बंद झाल्याचं सातत्याने दिसतंय, हे मान्य होतं. सध्या उपचार चालू आहेत, आधी उपचार घेऊन परत घसरल्याचा इतिहास नाही आणि प्रगती चांगली आहे, हेही. आणि उपचार आणि नंतरचा आफ्टरकेअर पूर्ण करून ठरल्याप्रमाणे वागताय, हे तर सगळ्यात भक्कम.

सगळे विचारतात की किती वर्षं झाली पाहिजेत. ठराविक आकडा नाहीच. एका डीयूआयनंतर दोन वर्षांत मिळालेला माणूस मला माहितीय आणि तीन डीयूआयनंतर सहा वर्षं कोरडा राहूनही झगडावं लागलेला माणूसही माहितीय. पूर्ण माणूस बघतात, वय काय होतं, किती गंभीर होतं, आपणहून केलं का, बदल टिकलाय का.

पहिली पायरी: फॉर्मच्या आधी कागद

मी काय केलं ते सांगतो. चितळ्यांच्या बाकरवडीचा एक रिकामा मोठा डबा होता, त्यात सगळं टाकायला सुरुवात केली. पोलिसांचा कागद, कोर्टाचा निकाल, दंड भरल्याची पावती, व्हीएसॅपचं पूर्ण केल्याचं पत्र (व्हर्जिनियात डीयूआयनंतर कोर्ट या कार्यक्रमाला पाठवतं), गाडीत बसवलेल्या इंटरलॉकचं बिल, ज्या यंत्रात फुंकल्याशिवाय गाडीच सुरू होत नाही ते, काउन्सेलरच्या अपॉइंटमेंट्सचं स्टेटमेंट. एक कागद मिळाला नाही तर कोर्टाच्या क्लर्ककडे जाऊन त्याची सर्टिफाइड कॉपी काढली. यात माझे दोन शनिवार आणि एक सुट्टी गेली, पण नंतर चौकशी करणाऱ्या बाईंनी तारीख विचारली तेव्हा मी अंदाजे बोललो नाही.

कागद एवढ्यासाठी की तुमची आठवण आणि रेकॉर्ड यात फरक असतो. आपल्याला वाटतं "रेकलेस ड्रायव्हिंगवर सुटलो", पण मूळ आरोप डीयूआयचाच होता, आणि फॉर्म आरोप विचारतो. मेरीलँडवाल्यांचं तर नेहमीचं, "मला पीबीजे (दोषी न ठरवता प्रोबेशन) मिळाला, कन्व्हिक्शन नाही, म्हणजे लिहायची गरज नाही." गरज आहे. आरोप ठेवला गेला होता ना, मग लिहायचं.

ज्यांचा प्रवास एच-१बी ते ग्रीन कार्ड ते नागरिकत्व असा झालाय त्यांनी एक काम अजून करावं, नागरिकत्वाच्या जुन्या एन-४०० अर्जाची कॉपी काढून बघावी. तिथेही अटक, आरोप सगळं विचारलेलं असतं. तिथे एक आणि इथे दुसरं असं निघालं तर दारू बाजूला राहते आणि खोटेपणाचा विषय सुरू होतो, आणि तो नागरिकत्वापर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे तफावत सापडली तर फॉर्म बाजूला ठेवून आधी वकील.

दुसरी पायरी: फॉर्ममधले दोन भाग शब्द न् शब्द वाचा

सेक्शन २२ पोलिस रेकॉर्डचा आणि सेक्शन २४ दारूचा.

सेक्शन २२ मध्ये बऱ्याच गोष्टी गेल्या सात वर्षांपुरत्या विचारतात, पण दारू किंवा ड्रग्जशी संबंधित आरोप कधीही झाला होता का असं विचारतात. कधीही म्हणजे कधीही, कॉलेजमधलासुद्धा. ३०० डॉलरच्या आतले ट्रॅफिकचे दंड वगळायची सूट आहे पण त्यात दारू असेल तर ती सूट नाही. रेकॉर्ड सील झालं, पुसलं गेलं, केस डिसमिस झाली, तरी लिहायचं, तशी सूचना फॉर्मवरच आहे. वकिलाने एक्सपंज करून दिलं आणि सांगितलं "आता हे घडलंच नाही असं समजा", ते खासगी नोकरीसाठी ठीक असेल, इथे नाही.

आणि भारतातलं? तेही. हा प्रश्न आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही. मुंबईत २००७ पासून ट्रॅफिक पोलिसांनी नाकाबंदी लावून दारू पिऊन चालवणाऱ्यांना पकडायची मोहीम जोरात सुरू केली, त्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली कोर्टात जाऊन दंड भरून आलेले आपल्यात कितीतरी आहेत. तिथली मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, इथली बहुतेक ठिकाणी ८०, म्हणजे इथल्या हिशोबाने निर्दोष सुटला असता असा माणूसही तिथे आरोपी असतो, पण आरोप तो आरोप. तसंच फार्महाऊसच्या पार्टीवर रेड पडली आणि परमिट नाही म्हणून दारूबंदी कायद्याखाली केस झाली असेल तर तीही दारूशी संबंधितच. लिहा आणि खाली कमेंटच्या जागेत दोन ओळीत परिस्थिती समजावून सांगा, महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो हे इथल्या चौकशी अधिकाऱ्याला माहीत असण्याचं कारण नाही.

सेक्शन २४ चा पहिला प्रश्न सात वर्षांचा आहे, दारूमुळे कामावर, नात्यांवर, पैशांवर वाईट परिणाम झाला का किंवा पोलिसांना मध्ये पडावं लागलं का. पुढचे प्रश्न मात्र परत "कधीही" वाले, कुणी उपचार किंवा काउन्सेलिंग घ्यायला सांगितलं, सुचवलं किंवा आदेश दिला होता का, आणि आपणहून घेतलं होतं का. म्हणजे २००४ मध्ये घरच्यांनी पुण्याच्या मुक्तांगणमध्ये दाखल केलं होतं (१९८६ साली अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेली ही जागा, आपल्यातल्या किती घरांना तिने सावरलंय) तर ते इथे येतं, पत्ता, तारखा, सगळं. मला एकाने विचारलं, अमेरिकेत यायच्या आधीचं आहे, कुणाला कळणार? मी म्हटलं, तुझ्या बायकोला माहीत आहे, भावाला माहीत आहे, आणि चौकशीत लोकांशी बोलतात. पण कळणार की नाही हा हिशोबच चुकीचा आहे, कारण ते मुक्तांगणचं डिस्चार्ज कार्ड तुमच्या बाजूचा पुरावा आहे, वीस वर्षांपूर्वी उपचार घेतले आणि तेव्हापासून सुटली यापेक्षा चांगली गोष्ट गाइडलाइन जी मध्ये दुसरी कुठली सांगणार?

एसएफ-८६ च्या जागी हळूहळू नवीन प्रश्नावली आणायचं चाललंय, त्यामुळे मित्राने त्याच्या वेळी काय भरलं त्यावर जाऊ नका, तुमच्या स्क्रीनवर जो प्रश्न आहे त्याचं उत्तर द्या.

जाणूनबुजून खोटं लिहिलं तर संघीय कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, फॉर्मवरच छापलेलं आहे. आधीच चुकीचं भरून पाठवलं असेल तर थांबू नका, कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला लगेच सांगून दुरुस्त करा. त्यांनी पकडायच्या आधी आपणहून लगेच दुरुस्त केलं तर ते तुमच्या बाजूने धरतात, इंटरव्ह्यूत समोर कागद ठेवल्यावर "हो हो, ते राहिलं" म्हटलं तर नाही.

पालकांसाठी थोडं

आता मुलांची पिढी इंटर्नशिपसाठीच हा फॉर्म भरतेय. १९ व्या वर्षी डॉर्ममध्ये बिअर सापडली, तिकीट मिळालं, कॉलेजने अल्कोहोल एज्युकेशनचा क्लास करायला लावला. २१ च्या खाली दारू बाळगल्याचं तिकीट हा दारूचाच आरोप आहे. आई-बाबा म्हणतात "उगाच कशाला लिहायचं, पोराचं करिअर आहे, लोक काय म्हणतील". अहो, १९ व्या वर्षीच्या एका बिअरच्या तिकिटाने सहसा काही बिघडत नाही, पण २२ व्या वर्षी सरकारी फॉर्मवर खोटं लिहून सही केली तर ती आयुष्यभर त्याच्या फाइलमध्ये राहते. पोराला लपवायला शिकवू नका, कळकळीने सांगतो.

तिसरी पायरी: उपचार, आणि ते आत्ताच

बरेच लोक क्लिअरन्स जाईल या भीतीने काउन्सेलरकडे जातच नाहीत. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. माणूस आतून मोडत असतो आणि म्हणतो रेकॉर्डवर नको. नियम नेमकं उलट सांगतात, कबूल करणं आणि उपचार घेणं हे तुमच्या बाजूचे मुद्दे आहेत. आरोप आहे, पिणंही चालू आहे आणि उपचार शून्य, ही सगळ्यात कमकुवत फाइल.

तपासणी लायसन्स असलेल्या माणसाकडून करून घ्या. अमेरिकेत निदान डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं पुस्तक) च्या ११ निकषांवरून करतात, बारा महिन्यांत दोन-तीन लागू झाले तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त तर तीव्र. आणि तपासणीत "दोन-तीन ड्रिंक्स" म्हणण्याआधी ड्रिंक म्हणजे काय ते समजून घ्या. इथलं एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १२ औंसची साधी बिअर, ५ औंस वाइन किंवा दीड औंस म्हणजे ४४ मिली व्हिस्की. आपला लार्ज ६० मिलीचा. म्हणजे चार लार्ज झाले की त्यांच्या हिशोबात पाचाच्या वर गेलात, आणि पुरुषाने साधारण दोन तासांत पाच म्हणजे बिंज, एका बैठकीत अति पिणं. घरी काका जो हाताने ओततात तो पेग तर मोजलेलाच नसतो. मी काउन्सेलरसमोर किचनमधला मेजरिंग कप नेला होता, माझा नेहमीचा ग्लास पाण्याने भरून त्यात ओतला तर ९० मिलीच्या वर निघालं, दोघंही काही वेळ काही बोललो नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मी तीन नाही, सहा पितो.

आता इथला सगळ्यात नाजूक मुद्दा. पूर्ण सोडावी लागते का? नियम "कमी केलेलं पिणं किंवा न पिणं" असं म्हणतात, पण "उपचारांच्या सल्ल्यानुसार" हे शब्द त्याला जोडलेत. निदान नाही, एकच जुनी घटना, आणि आता सणासुदीला एखादी बिअर, तर ते चालू शकतं. पण निदान झालंय आणि काउन्सेलरने लिहिलंय की अजिबात नाही, तर मग मुलाच्या मुंजीतला शॅम्पेनचा घोटसुद्धा सल्ला मोडणंच आहे आणि तो तुमच्याच तोंडून इंटरव्ह्यूत बाहेर येणार. म्हणून उपचार संपताना काउन्सेलरला विचारून शिफारस लेखी घ्या. तोंडी "काळजी घे" असं म्हटलेलं दोन वर्षांनी कुणाला कसं दाखवणार? त्या पत्रात निदान काय, कार्यक्रम किती तारखेला पूर्ण, पुढे काय करायचं, आणि परत घसरण्याची शक्यता त्यांना कशी वाटते, एवढं असलं की झालं.

एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) मीटिंग्ज जरूर करा. मीटिंगला गेल्याच्या स्लिपवर सही मिळते, स्पॉन्सर (तिथला तुम्हाला साथ देणारा जुना सदस्य) पत्र देऊ शकतो. पण फक्त एए केलं आणि व्यावसायिक तपासणी कधी केलीच नाही, असं ठेवू नका. माझ्याकडे एक वर्ष न पिता काढल्याचं एएचं नाणं आहे, चावीच्या जुडग्यात आहे, ते मी कुणाला पुरावा म्हणून दाखवलं नाही, ते माझ्यासाठी आहे.

सरकार कधीकधी स्वतःच्या सायकॉलॉजिस्टकडे पाठवतं. तिथे पेथ नावाची रक्ततपासणी करू शकतात, ती साधारण गेल्या दोन ते चार आठवड्यांतलं पिणं दाखवते. "महिन्यात फक्त एकदा" म्हणालात आणि पेथ भरपूर आली तर पुढे काय बोलणार?

चौथी पायरी: इंटरव्ह्यू

माझा इंटरव्ह्यू ऑफिसच्या एका छोट्या खोलीत झाला. बाई शांत होत्या. पहिली वीस मिनिटं पत्ते, प्रवास, नातेवाईक, आणि मग "त्या रात्रीबद्दल सांगा". किती प्यायलात, कुणाबरोबर, शेवटचा ग्लास किती वाजता, गाडी चालवायचं का ठरवलंत, यापूर्वी असं पिऊन चालवलं होतं का, आणि पुढे पिण्याचा विचार काय आहे. यापूर्वीच्या प्रश्नावर मी अडखळलो, कारण उत्तर हो होतं आणि ते कुठल्याच कागदावर नव्हतं. सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

पोलिसांची चूक, मित्राने आग्रह केला, मशीन बिघडलं होतं, हे काही बोलू नका. आपल्याकडे "एवढं काही नव्हतं हो" म्हणायची सवय आहे, तिथे ते जबाबदारी टाळणं दिसतं. विचारलं तेवढं सरळ सांगा, माहीत नसेल तर आठवत नाही म्हणा.

फॉर्ममध्ये तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या तीन जणांची नावं द्यायची असतात. ज्यांना दारूचं काहीच माहीत नाही अशांची देऊन उपयोग नाही. मी माझ्या मॅनेजरला फॉर्मच्या आधी कॉफीला नेऊन सांगितलं, घशात आवंढा होता. तो म्हणाला, मला वाटलंच होतं काहीतरी, तू पार्टीत सोडा का घेतोस. पुढे त्याचंच बोलणं सगळ्यात उपयोगी पडलं असणार, कारण त्याने पाच वर्षं रोज मला बघितलं होतं आणि त्याला सगळं माहीत होतं.

पाचवी पायरी: एसओआर (आक्षेपांची नोटीस) आलं तर

प्रत्येकाला येत नाही, मला आलं नाही, फक्त अकरा महिने लागले आणि मधला इंटरिम, म्हणजे तात्पुरता क्लिअरन्स, मिळाला नाही. पण आलं तर तो नकार नाही, कारणं दाखवा नोटीस आहे असं समजा, कुठल्या गाइडलाइनखाली काय आक्षेप आहे ते एकेक करून लिहिलेलं असतं. डिफेन्सच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांची केस सुनावण्या आणि अपिलं बघणाऱ्या आर्लिंग्टनच्या डोहा या कार्यालयाकडे जाते. उत्तर द्यायला मिळाल्यापासून २० दिवस, लेखी आणि शपथेवर, प्रत्येक आक्षेपाला मान्य की अमान्य असं वेगळं. सुनावणी मागायची असेल तर त्याच उत्तरात मागायची. मुदतवाढ लागली तर दिवस संपायच्या आधी लेखी मागा. पाकीट न उघडता ठेवून देणारी माणसं मी बघितलीत, भीतीमुळे, आणि वीस दिवस असे उडून जातात.

मी तरी सुनावणी घ्या असंच म्हणेन. नुसत्या कागदावर जज तुम्हाला बघत नाही. समोर बसून बोललात, बायको किंवा नवरा, सहकारी, स्पॉन्सर साक्षीला आले, की माणूस दिसतो. सरकारकडून वकील असतो, तुम्ही वकील घेऊ शकता, स्वतःही उभे राहू शकता. डोहाचे निकाल नाव झाकून इंटरनेटवर टाकलेले असतात, गाइडलाइन जी चे पंधरा-वीस वाचून काढा, इंग्रजी सोपं असतं, आणि जज कशाला महत्त्व देतात ते कुठल्याही सल्ल्यापेक्षा त्यातून जास्त कळतं. निकाल विरोधात गेला तर अपीलची नोटीस १५ दिवसांत, पण तिथे नवीन पुरावा चालत नाही, म्हणजे जे काही आहे ते सुनावणीतच मांडा. आणि तिथेही नाही झालं तर एक वर्षानंतर परत प्रयत्न करता येतो, तेव्हा त्या वर्षात काय केलं ते बघतात.

फेडरल कर्मचारी आणि सैन्यातल्यांचा रस्ता थोडा वेगळा आहे, आपल्या पत्रात लिहिलेली मुदत बघा, ती पाळा.

मिळाल्यानंतर

मिळाला म्हणजे संपलं नाही. आता सतत तपासणी चालू असते, नवी अटक त्यांना तुमच्या फोनआधी कळू शकते. अटक झाली किंवा दारूसाठी उपचार सुरू केले तर कळवायचं हा नियम आहे, सीक्रेटवाल्यांनाही. परत घसरलात तर आधी एएचा स्पॉन्सर, मग काउन्सेलर, मग सिक्युरिटी ऑफिसर, पण तिन्ही त्याच आठवड्यात. आमच्यातल्या एकाने हे केलं, आईच्या अंत्यविधीला भारतात जाऊन आला आणि परतीच्या विमानात प्यायला. सोमवारी काउन्सेलरकडे, बुधवारी सिक्युरिटी ऑफिसकडे. चौकशी झाली, तीन महिने टांगणीवर होता, क्लिअरन्स राहिला.

आणि तो बाकरवडीचा डबा फेकू नका. काही वर्षांनी फॉर्म परत भरायला सांगतात, तेव्हा तारखा तशाच्या तशा जुळाव्या लागतात. माझा कपाटात वरच्या फळीवर आहे, पासपोर्टच्या शेजारी, आणि मुलगी आता मोठी झालीय, तिने एकदा उघडून बघितला आणि विचारलं हे काय आहे, तर तिलाही बसवून सगळं सांगितलं.